विरजणासाठी कुणाच्या दारात जायचं?

गेले काही महिने घरात, ऑफिसात, लग्नाच्या पंगतीत, चार माणसं जमली की मी एकच वाद ऐकतेय. कुणीतरी हिंजवडीतली नोकरी सोडतो, कोकणात अर्धा एकर घेतो, मातीचं घर बांधतो, चुलीवरच्या भाकरीचा व्हिडिओ टाकतो आणि मग दोन पार्ट्या पडतात. एक म्हणते, याला म्हणतात जगणं, आपण काय नुसते हप्ते भरतोय. दुसरी म्हणते, गाठीला पैसा असला की कुणालाही साधं राहता येतं, गावातल्या बाईला विचारा चुलीचा धूर डोळ्यात गेला की काय होतं ते. मग कपाटात कपडे किती असावेत, एसी लावावा का, गावाकडे शाळा कुठंय, दवाखाना किती लांब, हे सगळं निघतं, आवाज चढतात, आणि वाद तिथंच राहतो. पुढच्या लग्नात परत तोच वाद.

मला वाटतं दोन्ही बाजू चुकीच्या प्रश्नावर भांडतायत. दोघंही साधेपणा मोजतात तो वस्तूंमध्ये आणि पत्त्यामध्ये. किती वस्तू आहेत आणि कुठं राहता. माणसं किती आहेत, त्यांचं तुमच्यावाचून आणि तुमचं त्यांच्यावाचून काही अडतं का, हे कुणी विचारतच नाही. माझं म्हणणं सरळ आहे. शेजार आवडीतून तयार होत नाही, गरजेतून होतो. आपण आपली प्रत्येक गरज पैसे टाकून एकट्यानं भागवायची सोय करून घेतली म्हणून शेजार गेला, आणि शेजार गेला म्हणून जगणं एवढं महाग आणि एवढं गुंतागुंतीचं झालं. तो परत हवा असेल तर काही गरजा मुद्दाम विकत न घेता दुसऱ्याच्या दारात न्याव्या लागतील, मग तुम्ही दापोलीत राहा नाहीतर वाकडला बाराव्या मजल्यावर.

हे मला सुचलं ते विरजणावरून, म्हणून ते आधी सांगते. गेल्या पावसाळ्यात एका संध्याकाळी दूध तापवून कोमट करून ठेवलं आणि बघते तर भांड्यात विरजणापुरतंही दही नाही, मुलानं सगळं संपवलेलं. फोन हातात होता, ॲप उघडलेलं होतं, दह्याचा डबा दहा मिनिटांत दारात आला असता. आणि एकदम आठवलं की आमच्या लालबागच्या चाळीत विरजण कुणी कधी विकत आणलंच नव्हतं. आज आमचं, उद्या समोरच्यांचं, परवा टोकाच्या खोलीतलं, असं ते मजल्यावर फिरत असायचं, म्हणजे खरं तर अख्ख्या मजल्याचं दही एकच होतं. मी वाटी घेतली आणि तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंच्या दारात गेले. अकरा वर्षं एका बिल्डिंगमध्ये राहतोय आम्ही, लिफ्टमध्ये भेटलो की हसतो, एवढीच ओळख. बेल वाजवायला हात उचलला आणि मला चक्क लाज वाटली. बँकेत कर्ज मागायला जाताना जसं वाटतं तसं. दार उघडल्यावर त्यांनी आधी माझ्या हातातल्या वाटीकडे बघितलं, मग माझ्याकडे. म्हटलं, काकू, थोडं विरजण आहे का. त्या म्हणाल्या, "अगं ये ना आत, विरजण मागायला कुणी आलंच नाही गं इतक्या वर्षांत."

विरजण त्यांनी त्यांच्याच एका छोट्या स्टीलच्या वाटीत दिलं, काठावर त्यांच्या सासूबाईंचं नाव घातलेलं, अक्षरं घासून घासून पुसट झालेली. आता ती वाटी माझ्याकडे आली. आणि वाटी रिकामी परत द्यायची नसते, हे आपल्याकडे कुणाला शिकवावं लागत नाही. दोन दिवसांनी मी त्यात कोथिंबिरीच्या वड्या घालून पाठवली, मग त्यांच्याकडून लोणचं आलं ते माझ्या डब्यात नाही तर त्यांच्याच बरणीत, मग बरणी माझ्याकडे राहिली, आणि हे असं चालूच आहे. ॲपवरून दही मागवलं असतं तर डबा हातात पडला त्याच क्षणी व्यवहार पुरा झाला असता, कुणी कुणाचं काही लागत नाही. वाटीचा हिशोब मात्र कधी पुरा होत नाही. कोण कुणाचं देणं लागतं हे नक्की सांगता येत नाही आणि ते सांगता येत नाही म्हणूनच येणंजाणं राहतं.

आता कुणी म्हणेल की विरजणासारख्या एवढ्याशा गोष्टीवर केवढा डोलारा. पण एवढ्याशा गोष्टींचीच बेरीज करून बघा. आमच्या बिल्डिंगमध्ये ४४ फ्लॅट आहेत आणि निम्म्याहून जास्त घरांत ड्रिल मशीन आहे. वर्षातून दोनदा आरसा नाहीतर पडद्याचा रॉड लावायला. शिडी घरटी एक. गणपतीत लागणारा मोठा कुकर, पाहुण्यांसाठीच्या गाद्या, सायकलचा पंप, सगळं घरटी. हे ठेवायला जागा हवी, जागेसाठी मोठा फ्लॅट हवा, फ्लॅटसाठी कर्ज, कर्जासाठी दोन नोकऱ्या, आणि दोन नोकऱ्या म्हणून शेजाऱ्याशी बोलायला वेळ नाही. मग आपण दमून म्हणतो की साधं जगायचंय, आणि कपाटं रिकामी करायला घेतो. पण वीस वस्तू काढून टाकल्या आणि त्यातलं काही लागलं की दहा मिनिटांत दारात मागवलं तर साधं काय झालं? गोदाम फक्त घरातून उचलून गल्लीच्या टोकाला नेलं. आणि ते सामान घेऊन पावसात जिने चढणारा मुलगा कोण, त्याचं नाव काय, तो कुठल्या गावाहून आला, हे आपल्याला माहीत नसतं. माणसांची गरज संपलेली नाहीये, ती पूर्वीपेक्षा वाढलीय, फक्त ज्यांच्यावर आपण अवलंबून आहोत ती माणसं आपल्या नजरेआड गेलीत. तो आपल्याकडे येतो, आपण त्याच्या दारात कधीच जात नाही. अशा एकतर्फी अवलंबून असण्याला साधं जगणं म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

कोकणात अर्धा एकर घेतलेल्यांचंही तेच होतं असं मी बघितलंय, आमच्या नात्यातच आहेत दोघं. बोअर स्वतःची, पंप स्वतःचा, चिऱ्याचं कुंपण, गेटला कॅमेरा. गावात लावणीचा सावड चालू असतो, म्हणजे आज सगळ्यांनी मिळून याच्या खाचरात लावणी करायची, उद्या त्याच्या, आणि हे गच्चीवरून त्याचे फोटो काढतात. ती माणसं वाईट नाहीत हो, चांगली आहेत, गावाला देणगी देतात, शाळेला कॉम्प्युटर दिला त्यांनी. पण गावात त्यांचं कुणावाचून अडत नाही, आणि तेही कुणाच्या खाचरात उतरत नाहीत, मग गाव त्यांना पाहुणेच धरणार ना. पत्ता बदलून शेजार मिळत नाही तो असा.

आता विरुद्ध बाजूचं. इथं मला थांबून नीट बोलायचंय, कारण त्या बाजूचे जे खरे जोरदार मुद्दे आहेत ते या वादात कुणी धड मांडतच नाही, नुसतं "श्रीमंतांचे चोचले" म्हणून मोकळे होतात.

पहिला मुद्दा जातीचा. ४ नोव्हेंबर १९४८ ला संविधान सभेत बाबासाहेब आंबेडकरांनी खेड्यांबद्दल जे म्हटलं ते आठवावं. खेडं म्हणजे संकुचितपणाचं डबकं, अज्ञान आणि जातीयतेची गुहा, अशा अर्थाचे शब्द आहेत ते, आणि घटनेचा पाया खेडं नसून व्यक्ती असावी ही त्यांची भूमिका होती. ज्याला पाणवठ्यावरून हाकललं गेलं त्याला "पूर्वी गाव कसं एक होतं" हे कुठल्या तोंडानं सांगायचं? इर्जिक घालून एकमेकांची शेतं नांगरायचे, भलरी म्हणायचे, शेवटी सगळ्यांना जेवण असायचं, हे खरं, पण त्या जेवणात कुणाला कुठं बसवायचे, हेही तितकंच खरं. ज्याच्याकडे बैल नाहीत, जमीन नाही, त्याच्या वाट्याला इर्जिक नव्हती, बलुतं होतं.

दुसरा मुद्दा बायकांचा, आणि हा मी माझ्या डोळ्यांनी बघितलाय. चाळीतला जो एकोपा म्हणतात तो कुणाच्या कष्टावर होता? गिरणगावात हजारो कामगार एकटे राहायचे, एका खोलीत दिवसपाळीचे आणि रातपाळीचे पाळीपाळीनं झोपायचे, आणि त्यांना दोन वेळा जेवू घालायच्या खानावळवाल्या बाया. त्यांचे पैसे महिन्यानं मिळणार, तोवर वाण्याची उधारी आणि सावकाराचं व्याज. प्रेमाताई पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं आणि या बायांना बँकेचं कर्ज मिळवून दिलं, तोपर्यंत त्या कष्टाला कुणी कष्टसुद्धा म्हणत नव्हतं. आणि नजर! मुलगी किती वाजता आली, कुणाबरोबर आली, कोणता ड्रेस घातला, सगळ्या गॅलरीला माहीत. रात्री नवऱ्याचा मार खाणारी बाई मात्र सगळ्यांना ऐकू यायची तरी कुणाला दिसायची नाही. चाळीच्या आठवणी काढून गहिवरणाऱ्यांत पुरुष जास्त असतात असा माझा अनुभव आहे.

तिसरा मुद्दा सगळ्यात अवघड. पैशानं माणूस मोकळा होतो. दुकानात जाऊन पैसे टाकले की दुकानदार जात विचारत नाही, विधवा आहेस का विचारत नाही, उपकार केल्यासारखं बघत नाही. ज्या माणसाच्या बापाला हात जोडून मागावं लागलं, त्याला "विकत घेतो" या शब्दात केवढी ताठ मान वाटत असेल! मग त्याला मी सांगायचं का की जा, परत माग?

याचं उत्तर मला पुस्तकातून नाही मिळालं, घरातूनच मिळालं. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा मी आठ वर्षांची होते. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर, त्यातले एक माझे वडील. पहिले तीन-चार महिने चाळीनं चाळीला जगवलं हे मी शपथेवर सांगेन. ज्याच्या गावाहून तांदूळ आले त्यानं मजल्यावर वाटले, आमचे आले तेव्हा आम्ही वाटले. आई पिठाला शेजारी डबा पाठवायची आणि आम्ही पोरं उड्या मारत घेऊन यायचो, कुणाला काही वाटायचं नाही. पण संप लांबला. आमचं गावाकडचं येणं बंद झालं, आणि मग आईनं आम्हाला पाठवणं बंद केलं. एकदा तिला अगदी जायलाच लागलं. ती डबा पदराखाली झाकून गेली आणि परत आल्यावर मोरीत तोंड धुवायच्या निमित्तानं खूप वेळ नळ सोडून उभी राहिली. शेजारीण तीच होती, पीठ तेवढंच होतं. बदललं काय होतं? आता परत द्यायला आमच्याकडे काही नव्हतं, आणि कधी असेल याची खात्रीही नव्हती.

म्हणून माझं म्हणणं असं की लाज मागण्यात नसते, बरोबरी मोडण्यात असते. दोघांकडेही द्यायला काहीतरी आहे आणि दोघांचंही कधीतरी अडणार आहे, तिथं मागणं हा शेजार. एकाचंच कायम अडतं आणि दुसऱ्याचं कधीच नाही, तिथं मागणं ही लाचारी. जुन्या गावात दुसऱ्या प्रकारचं होतं म्हणून बाबासाहेब त्याच्यावर तुटून पडले, आणि अगदी बरोबर तुटून पडले. पण त्यांचं १९४८ चं वाक्य सांगणारे लोक २५ नोव्हेंबर १९४९ चं भाषण का विसरतात? त्याच संविधान सभेत, वर्षभरानं, त्यांनीच सांगितलं की बंधुता नसेल तर स्वातंत्र्य आणि समता ही नुसती वरवर दिलेल्या रंगासारखी राहतील. ज्या माणसानं गाव नाकारलं त्यानं बंधुता नाकारली नाही, उलट ती नसेल तर बाकीचं सगळं पोकळ राहील असं बजावलं. आणि महाडला २० मार्च १९२७ ला ते काय करायला गेले होते? सार्वजनिक तळं सगळ्यांचं आहे हे ओंजळीनं पाणी पिऊन दाखवायला. त्याच्या आधी, १८६८ मध्ये, जोतीराव फुल्यांनी आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला. म्हणजे ज्यांना सामायिक गोष्टींपासून सगळ्यात जास्त लांब ठेवलं गेलं, त्यांच्या बाजूनं उभे राहिलेल्यांनी सामायिक गोष्टी मोडायला सांगितलं नाही, त्यात बरोबरीनं शिरायला सांगितलं. आपण त्याचं पुढं काय केलं? सार्वजनिक नळावरचं पाणी पिणं सोडलं आणि घरोघरी आरओ बसवला. हौद सगळ्यांचा व्हायच्या आधीच आपण तिथून निघून गेलो.

बरोबरी आणि नियम असतील तर सामायिक गोष्ट किती टिकते याची उदाहरणं आपल्याकडेच आहेत. धुळे-नाशिककडच्या पांझरा, मोसम या नद्यांवरची फड पद्धत बघा. नदीवर बंधारा, त्यातून पाट, पाटाखालची जमीन फडांमध्ये वाटलेली, आणि एका फडात एका हंगामाला एकच पीक, म्हणजे एकानं ऊस लावून सगळं पाणी ओढायचं आणि दुसऱ्यानं कोरडं बसायचं असं चालत नाही. पाणी सोडायला पाटकरी, राखणीला जागल्या, आणि हंगामाआधी सगळ्यांनी मिळून पाटातला गाळ काढायचा. पाऊस कमी झाला त्या वर्षी किती फड भिजवायचे ते सगळ्यांनी बसून ठरवायचं. कुठं लिहिलेलं नाही, कोर्टात नोंदवलेलं नाही, तरी हे तीनशेहून जास्त वर्षं चाललं. ती माणसं काय संत होती का? भांडत असणारच. पण पाटातला गाळ काढला नाही तर सगळ्यांचंच पीक वाळणार हे प्रत्येकाला दिसत होतं. आणि ही पद्धत ढिली कशानं पडली, तर वर मोठी धरणं आली, आणि विहिरींवर पंप बसले, ज्याला त्याला आपापलं पाणी मिळायला लागलं. गरज सुटली, मग पाट सुटला. आमच्या बिल्डिंगची गोष्ट आणि पांझरेची गोष्ट मला एकच वाटते.

शहरात हे होत नाही म्हणणाऱ्यांनी मुंबईतले गोवेकरांचे कूड आठवावेत. धोबीतलाव, माझगाव या भागात गोव्यातल्या एकेका गावाचा एकेक कूड असायचा, बोटीवर नोकरी शोधायला आलेला पोरगा तिथं उतरायचा. भिंतीला लागून ट्रंका, गावच्या संताची वेदी, संध्याकाळच्या प्रार्थनेला हजर राहायचं, भाडं परवडण्यासारखं, बोट मिळाली की ट्रंक ठेवून निघायचं, परत आलं की जागा आहेच. काही कूड अजून चालू आहेत. आपल्या कोकणातल्या, घाटावरच्या गावांच्या गिरणगावातल्या खोल्याही तशाच. हे गावातून मुंबईत आपोआप वाहत आलेलं नव्हतं, परक्या शहरात अडलेल्या माणसांनी वर्गणी काढून, नियम करून उभं केलेलं होतं. त्यात आपल्याच गावच्याला, आपल्याच जातीच्याला धरून राहायचा दोष होता, तो मी लपवत नाही. पण म्हणूनच आजचा फ्लॅट ही मला मोठी संधी वाटते. आमच्या मजल्यावर चार घरं आहेत, चार भाषांची, चार जातींची, दोन धर्मांची. इथं शेजार झाला तर तो चाळीपेक्षा आणि कुडापेक्षा जास्त न्यायाचा होईल. मग तो होऊ का देत नाही आपण?

बायकांच्या मुद्द्यालाही उत्तर याच दिशेनं आहे, आणि ते मिळवावं लागेल, आपोआप येणार नाही. गडचिरोलीतलं मेंढा लेखा हे जेमतेम शंभरेक घरांचं गोंड गाव, "दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार" म्हणणारं. तिथं ग्रामसभेत निर्णय बहुमतानं होत नाहीत, सगळ्यांची सहमती होईपर्यंत बोलत राहतात, बायका धरून. वेळ लागतो, लागू दे. २००९ मध्ये अठराशे हेक्टरच्या आसपास जंगलावर त्या गावाला सामूहिक हक्क मिळाला तो याच बसून बोलायच्या सवयीवर. म्हणजे एकत्र राहायचं तर बाईनं राबायचं आणि पुरुषानं पारावर बसायचं, हा काही निसर्गनियम नाही. आमच्या बिल्डिंगमध्ये मुलांना बसस्टॉपवर सोडायच्या पाळ्या लावल्या तेव्हा आम्ही पहिलीच अट घातली की पाळी घराची आहे, आईची नाही. पहिला महिना बाबालोकांना जड गेला. आता त्यांचीच आपसात ओळख जास्त आहे.

राहिला वेळेचा मुद्दा, "कुणाला वेळ आहे हो". पाळी आठवड्यातून एकदा येते आणि उरलेले चार दिवस सकाळची अर्धी-अर्धी घटका वाचते, म्हणजे यात वेळ जातो का मिळतो ते ज्याचं त्यानं मोजावं. मला त्याहून मोठी गोष्ट सांगायचीय. जुलै १९९५ मध्ये अमेरिकेत शिकागोला उष्णतेची लाट आली आणि सातशेहून जास्त माणसं मेली, त्यात एकटी राहणारी म्हातारी माणसं खूप. नंतर अभ्यास झाला तेव्हा दोन शेजारशेजारच्या वस्त्यांत जमीन-अस्मानाचा फरक निघाला. गरिबी तशीच, एकट्या म्हाताऱ्यांचं प्रमाणही जवळपास तसंच, पण एका वस्तीत दुकानं चालू, रस्त्यावर वर्दळ, लोक बाहेर पडणारे, तिथं मृत्यू कितीतरी कमी. दुसरीकडे रस्ते ओस पडलेले, म्हातारी माणसं दारं-खिडक्या लावून आत. पुढं २०१८ मध्ये ब्रिटननं एकटेपणासाठी मंत्री नेमला, २०२१ मध्ये जपाननं. श्रीमंत देशांना हे सरकारी खातं काढून करावं लागतंय. आपल्याकडे मुलं परदेशी आणि आईवडील कोथरूडला अशी किती घरं आहेत ते तुम्हीच मनात मोजा. त्यांच्या फोनमध्ये सगळी ॲप आहेत. त्यांच्या दाराची बेल वाजते ती सामान द्यायला.

यावर नेहमी ऐकू येतं की संकट आलं की आपली माणसं धावतात, २६ जुलै २००५ आठवा. आठवते ना. सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस, आणि अनोळखी लोकांनी अनोळखी लोकांना घरात घेतलं, चहा दिला, कोरडे कपडे दिले, रात्रभर ठेवून घेतलं. मला त्याचा अभिमान आहे. पण त्यातून "मग रोज कशाला" हा निष्कर्ष कसा काय निघतो? त्या रात्री काय झालं होतं, तर सगळ्यांचं एकदम अडलं होतं. पैसा, गाडी, फोन, काहीच चालत नव्हतं, म्हणून दार वाजवावं लागलं आणि वाजवलं की उघडलं गेलं. म्हणजे उघडणारी माणसं आहेतच, वाजवणारं कुणी नसतं. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये आमच्याकडेही हेच झालं. नारायणगावकडच्या एका शेतकऱ्याचा टेंपो गेटवर यायचा, सगळ्यांची मिळून एक यादी, रविवारी सकाळी गेटपाशी वाटप, वजनकाटा वॉचमनच्या टेबलावर. सात महिने चाललं, भाव त्यालाही बरा आणि आम्हालाही. मग बाजार उघडले, ॲपवर ऑफर आल्या, यादीतली नावं तीसवरून बारावर, बारावरून चारावर. चार घरांसाठी टेंपो कसा परवडणार? तो यायचा बंद झाला. कुणी भांडलं नाही, कुणी काही ठरवलं नाही. मला अजून वाईट वाटतं की मीही त्या गळालेल्या नावांत होते, आणि कारण होतं कोथिंबिरीवरची दहा रुपयांची सूट.

म्हणून मी भावनेवर विसंबायचं सोडून दिलंय. गणपतीत आरतीला एकत्र येऊन "आपण एक कुटुंब" म्हटलं की झालं असं होत नाही, विसर्जन झालं की दारं लागतात. रोजच्या जगण्यात एकमेकांवाचून अडलं पाहिजे, थोडंसं का होईना, आणि ते अडणं टिकवायला नियम पाहिजेत. आपल्या सोसायट्यांच्या बोर्डावर "सहकारी गृहनिर्माण संस्था" असं लिहिलेलं असतं, कधी नीट वाचलंय? १९१५ मध्ये गावदेवीला सारस्वत मंडळींनी देशातल्या अगदी सुरुवातीच्या सोसायट्यांपैकी एक काढली ती घरांची टंचाई होती म्हणून, एकेकट्याला परवडत नव्हतं म्हणून, आणि आता राज्याचा १९६० चा सहकारी संस्थांचा कायदा आहे. सहकार करायची सगळी यंत्रणा हातात आहे, कमिटी आहे, वर्गणी आहे, वर्षाची सभा घ्यायचं बंधन आहे. आपण तिचा उपयोग पार्किंगवरून भांडायला आणि मेंटेनन्स वसूल करायला करतो.

आमच्या सभेसाठी मी यंदा एक विषय लेखी दिलाय. जिन्याखालच्या खोलीत सध्या जुन्या टाइल्स आणि मोडक्या खुर्च्या पडल्यात. ती रिकामी करून तिथं एक शिडी, एक ड्रिल, दोन मोठी पातेली, गाद्या, सायकलचा पंप, व्हीलचेअर असं ठेवायचं, वही ठेवायची, नेलं की लिहायचं, आणलं की खोडायचं. आणि टेंपो परत बोलवायचा, पण या वेळी वीस घरांनी सहा महिन्यांची आगाऊ बांधिलकी द्यायची, म्हणजे सूट आली म्हणून कुणी गळणार नाही. कमिटीतल्या एका ज्येष्ठ सभासदांनी ड्रिल मोडलं तर भरपाई कोण देणार आणि किल्ली कुणाकडे राहणार असं विचारलंय. प्रश्न अगदी रास्त आहेत, फडावरही हेच प्रश्न असणार आणि तिथंही बसूनच सोडवले असणार. किल्ली महिन्याला एका मजल्याकडे अशी फिरती ठेवावी असं तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंचं म्हणणं आहे आणि पहिला महिना त्या घ्यायला तयार आहेत. सभा सप्टेंबरच्या शेवटच्या रविवारी आहे, सकाळी दहाला, गच्चीवर.